एक अंश कमी पडला

सोमवारी सकाळच्या बातम्यांमध्ये हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या बाईंनी, चेहऱ्यावरची रेषाही हलू न देता, ‘थंडीची लाट तीव्र होणार असून किनारपट्टीच्या भागात तुरळक ठिकाणी हिमवृष्टीची शक्यता नाकारता येत नाही’ असे एक वाक्य उच्चारले आणि त्या पुढच्या बातमीकडे वळल्या. मी मात्र त्यानंतर तीन दिवस त्या वाक्यातून बाहेर पडू शकलो नाही. शक्यता आहे, असे त्या म्हणाल्या नव्हत्या. शक्यता नाही, असेही म्हणाल्या नव्हत्या. ती ‘नाकारता येत नाही’, म्हणजे ती नाकारण्याचा कुणीतरी प्रामाणिक प्रयत्न करून पाहिला असावा आणि अखेर हात टेकले असावेत, असा मी अर्थ लावला. ज्या गोष्टीपुढे हवामानशास्त्रज्ञांनी हात टेकले, तिच्यापुढे माझ्यासारख्याने गुडघे टेकणे ओघानेच आले. (गुडघे अक्षरशः टेकण्याचा प्रसंग पुढे येणारच आहे.)

ज्यांनी समुद्रकाठी हिवाळे काढलेले नाहीत, त्यांना यातले दुःख कळणार नाही. आमच्या घरापासून समुद्र पायी पाच मिनिटांवर आहे आणि माझा मेहुणा पन्नास किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत राहतो. दर हिवाळ्यात त्याच्या अंगणात हिमाचा थर साचतो, त्याची मुले त्यातून माणूस उभा करतात, त्या माणसाला माझा जुना मफलर घालतात आणि त्याचा फोटो मला पाठवतात. त्याच दिवशी, बहुधा त्याच ढगांतून, आमच्या दारात नुसता पाऊस पडतो, आणि तोही सरळ नव्हे, आडवा. याला कारण समुद्र. पाणी एका अंशाने तापवायला तेवढ्याच वजनाच्या हवेच्या चौपट उष्णता लागते, आणि एकदा मुरलेली ती उष्णता पाणी सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेली ऊब हे गृहस्थ भर हिवाळ्यातही गाठीला बांधून असतात. जमीन एका रात्रीत थंड पडते, परंतु समुद्र थंडीचा तळ गाठतो तो हिवाळा सरता सरता, म्हणजे लोक लोकरीचे कपडे आवरून ठेवण्याच्या बेतात असताना. मेहुण्याकडे पारा शून्याखाली चार अंश आणि आमचा समुद्र आठ अंशांवर स्वस्थ बसलेला, अशी परिस्थिती असल्यावर वरून हिम म्हणून नीट निघालेला कण शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये वितळतो आणि माझ्या चष्म्यावर पाणी होऊन आपटतो. वरात मांडवाच्या दारापर्यंत यावी आणि तिथून माघारी फिरावी, तसा हा प्रकार आहे.

बरे, समुद्राच्या या उबेचा आम्हाला अंगावर घेण्यासाठी काही उपयोग होतो म्हणावे, तर तेही नाही. ओलसर वारा स्वेटरच्या विणीतून, कानटोपीच्या शिवणीतून आणि बंद खिडकीच्या फटीतून असा आत शिरतो की, दोन अंशांतला आमचा माणूस उणे चार अंशांतल्या मेहुण्यापेक्षा जास्त कुडकुडतो. म्हणजे थंडी आमच्या वाट्याला पुरेपूर येते. फक्त तिची शोभा तेवढी येत नाही.

शेजारचे काका निवृत्त दर्यावर्दी आहेत. त्यांच्या भिंतीवर एक पितळी बॅरोमीटर आहे. त्याला ते सकाळ-संध्याकाळ टिचकी मारतात आणि काट्याकडे न बघता समोरच्या माणसाकडे बघून ‘हं’ म्हणतात. सोमवारी मी त्यांना गाठून विचारले, “काका, पडेल का हो?”

“वारा कुठून आहे ते बघ आधी,” काका म्हणाले. “जमिनीवरून आला तर थंड, पण कोरडा. समुद्रावरून आला तर ओला, पण कोमट. थंडी असते तेव्हा ढग नाही, ढग असतो तेव्हा थंडी नाही. दोन्ही एकदम जमून यायला नशीब लागतं.”

हे ऐकून शहाण्या माणसाने आशा सोडली असती. मी बोट ओले करून वाऱ्यात धरायला लागलो. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे केल्यामुळे वाऱ्याची दिशा कळली नाही, पण बोट मात्र सुन्न झाले.

मंगळवारी मी एक फावडे आणि मिठाची मोठी पिशवी आणली. हिम पडण्याआधीच ते उपसण्याची साधने आणणे म्हणजे बाजारात तुरी, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले आणि ते त्यांनी, मी पिशवी खांद्यावर घेऊन जिना चढत असताना, पायरीगणिक मांडले. मिठामागे शास्त्र आहे, हे मी त्यांना धापा टाकत समजावून सांगितले: पाण्यात मीठ विरघळले की त्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून तर समुद्राचे पाणी शून्याला न गोठता उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठते. त्याच न्यायाने दारातल्या वाटेवर आधीच मीठ पसरून ठेवले, तर हिम जमिनीला धरून बसत नाही. संध्याकाळी मी वाटेवर अगदी रांगोळी घालावी तसे मीठ पसरले. रात्री पाऊस आला आणि सकाळपर्यंत माझे सगळे मीठ गटारातून थेट समुद्राला जाऊन मिळाले. ज्याच्यापाशी मुळात मिठाची ददात नाही, त्यालाच मी पदरमोड करून पिशवीभर मीठ अर्पण केले होते.

फोनवरच्या अंदाजानेही माझे कमी हाल केले नाहीत. सकाळी हिमवृष्टीची शक्यता तीस टक्के असे, दुपारी चाळीस होई आणि मी मेहुण्याला फोन करीपर्यंत पंधरावर येई. तीस टक्के याचा अर्थ, अशा दहा प्रसंगांपैकी तीन वेळा पडते, एवढाच आहे हे मला माहीत आहे. तरीही मन असे लबाड की, तीस टक्के म्हणजे मेहुण्याकडे जेवढे पडते त्याच्या तीस टक्के, म्हणजे निदान घोट्यापर्यंत तरी येईलच, असा हिशेब ते परस्पर मांडून मोकळे होई.

बुधवारी रात्री मी इतिहासाचा आधार घेतला. ताडामाडांच्या मायामीत १९ जानेवारी १९७७ रोजी हिमकण भुरभुरले होते. सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते ५ फेब्रुवारी १९७६ रोजी पांढरे झाले होते. मेक्सिकोच्या आखाताच्या दमट किनाऱ्यावरच्या न्यू ऑर्लीन्समध्ये तर २१ जानेवारी २०२५ रोजी सुमारे वीस सेंटिमीटर हिम पडले. आणि जपान! तिथे सैबेरियातून निघालेले कोरडे, गोठलेले वारे जपानच्या समुद्रावरून जाता जाता त्याच्या कोमट पाण्याची वाफ पिऊन घेतात आणि पलीकडच्या किनाऱ्यामागे डोंगर आडवे आले की सगळे ओझे हिमरूपाने खाली उतरवतात. किनाऱ्याजवळच्या ताकादा येथे फेब्रुवारी १९४५ मध्ये ३७७ सेंटिमीटर जाडीचा थर मोजला गेला. म्हणजे तिथल्या लोकांना जे हिम मिळते ते समुद्र असूनही नव्हे, तर समुद्रामुळेच. हे वाचून मला आमच्या समुद्राचा इतका राग आला की, खिडकीतून दिसणाऱ्या त्याच्या काळ्या पट्ट्याकडे मी थोडा वेळ पाठ करून बसलो.

“मायामीत १९७७ साली पडलं म्हणून तुम्ही आज दारात फावडं ठेवणार?” सौभाग्यवतींनी विचारले आणि दिवा मालवला.

ठेवले होतेच. दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून, हाताशी असावे म्हणून.

हिमाची वाट कशी पाहायची, हे समुद्रकाठच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. आकाशाकडे बघायचे नसते, तिथे काही दिसत नाही. रस्त्यावरच्या दिव्याकडे बघायचे. दिव्याच्या उजेडाचा जो पिवळा घुमट असतो, त्यातून पडणारी वस्तू सरळ रेघ ओढत गेली तर पाऊस, आणि वाट चुकल्यासारखी इकडेतिकडे करत उतरली तर हिम. रात्री अकरा वाजता रेघा होत्या. बारा वाजता रेघा होत्या. बाहेरच्या तापमापकावर तीन अंश होते, ते साडेबाराला दोन झाले आणि एक वाजता दीड. आता दीड अंशाला हिम कसे पडणार, असे कुणी म्हणेल; परंतु हवा पुरेशी कोरडी असेल, तर पडता पडता कणांचे थोडे बाष्प होते, त्या बाष्पीभवनाने भोवतालची हवा गार होते आणि शून्याच्या वरही हिम जमिनीपर्यंत शाबूत पोहोचू शकते. प्रश्न फक्त एका अंशाचा होता. आयुष्यात मी गुणांसाठी, नोकरीसाठी, बढतीसाठी बऱ्याच ठिकाणी अडलो आहे, पण एका अंशासाठी इतकी आर्जवे मी कुणाची केली नव्हती. समोरच्या दोन घरांतही खिडकीमागे सावल्या दिसत होत्या. एकमेकांना पाहताच आम्ही तिघेही पडदे नीट करण्याच्या मिषाने मागे सरलो.

चारच्या सुमारास मला डुलकी लागली असावी. जाग आली ती एका विचित्र शांततेने. पावसाचा आवाज थांबला होता. मी ताडकन उठलो, अंधारातच दाराकडे धावलो, आणि हिम उपसण्यासाठी आणलेल्या फावड्याने आपले पहिले आणि शेवटचे काम चोख बजावले. ते माझ्या नडगीला लागून आडवे झाले, मी त्याच्यावरून आडवा झालो आणि उजवा गुडघा फरशीवर असा आपटला की, डोळ्यांपुढे अवेळी चांदणे पडले. त्याच क्षणी आतल्या खोलीच्या खिडकीतून मुलगी ओरडली, “बाबा, पडलं! पडलं!”

“पडलं नाही, पडलो!” मी ओरडलो.

“अगं, दिवा लाव आधी,” सौभाग्यवती म्हणाल्या, “काय काय पडलंय ते तरी बघू.”

बाहेर खरोखरच हिम पडत होते. मी एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने त्याच कृतघ्न फावड्याचा दांडा धरून लंगडत पायरीवर आलो. दिव्याच्या घुमटात रेघा नव्हत्या. कापूस पिंजताना उडावेत तसे ओले, जाड पुंजके गिरक्या घेत उतरत होते. शून्याच्या आसपास हिमकण चिकट होतात आणि एकमेकांना बिलगून उतरतात, म्हणून त्यांची ती सुप्रसिद्ध षट्कोनी नक्षी आमच्या नशिबी नव्हती. तरीही माझ्या कोटाच्या बाहीवर, लोकरीच्या एका बाहेर आलेल्या तंतूला, एक अगदी छोटा सुटा कण अडकला. जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तो सशाच्या केसाच्या टोकावर; ते मी दोनच तासांपूर्वी वाचले होते, आणि आता माझ्या बाहीवर तसाच एक, त्याच्या सहा टोकांपैकी चार मी मोजतो न मोजतो तोच माझ्याच उच्छ्वासाने त्याचे पाणी झाले. श्वास रोखून धरावा, एवढे मला सुचायला हवे होते.

शेजारचे काका हात मागे बांधून फाटकाशी उभे होते. “वारा फिरला,” ते म्हणाले. त्यांनी अकरा मिनिटे घड्याळ लावून मोजली. मग समुद्रावरून एक कोमट, खारट झुळूक आली, काका पुन्हा म्हणाले, “फिरला,” आणि दिव्याच्या घुमटात परत सरळ रेघा दिसू लागल्या.

जमिनीवर काहीच साचले नाही. मात्र काकांच्या गाडीच्या काचेवर वायपरच्या आडोशाला बोटभर थर धरला होता, मुलीने तो दोन्ही हातांनी खरवडून लिंबाएवढा एक गोळा केला, त्याचा फोटो काढून मामाला पाठवला (त्याचे उत्तर ‘बाकीचं कुठे आहे?’ असे आले) आणि गोळा एका डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला. डबीवर तिने तारीख, वेळ आणि ‘कुणीही हात लावू नये’ असे लिहिले.

सकाळी नऊपर्यंत माझा गुडघा त्या गोळ्याच्या कितीतरी पट मोठा झाला. “बर्फाने शेकायला हवं,” म्हणत सौभाग्यवतींनी फ्रीजर उघडला. बर्फाचे दोन्ही ट्रे रिकामे होते, कारण पाणी भरून ठेवण्याचे माझ्याकडे सोपवलेले काम तीन दिवसांत झालेले नव्हते. त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलीने माझ्या गुडघ्याकडे पाहिले, मग डबीकडे, आणि एक दीर्घ उसासा टाकून मान हलवली. गोळा रुमालात बांधून गुडघ्यावर ठेवला गेला. मुलगी घड्याळ घेऊन शेजारी बसली होती. तो सात मिनिटे टिकला.