काच, केबल आणि कणीस

ताम्हिणी घाटात जुलैमधे गाडीची काच खाली करायचं तसं काही कारण नसतं, पण बायकोला कणीस दिसलं. काच खाली गेली, कणीस आत आलं, बटण वर ओढलं तर दारातून आधी कर्रर्र, मग कट्ट, आणि काच जी दारात बुडाली ती बुडालीच. घरापर्यंत बाईसाहेब पुढच्या सीटवर छत्री उघडून बसल्या होत्या. चांदणी चौकात शेजारच्या गाडीतल्या पोरांनी आमचा फोटो काढला. कणीस मला मिळालं नाही.

गॅरेजवाला म्हणाला, "काच ओढणारी केबल सुटी येत नाय साहेब, आख्खं मशीन बदलावं लागंल, साडेतीन हजार." दीड मिलिमीटरच्या तारेसाठी साडेतीन हजार? म्हणलं हॅ, आपणच करू.

हँडलमागचा स्क्रू काढला, आर्मरेस्टमधला काढला, मग दाराचं पॅनल ओढलं तर फाडफाड आवाज करत चार क्लिपा शहीद, उरल्या तीन. आत प्लास्टिकचा कागद, त्याला काळा डिंक, तो डिंक अजून माझ्या कोपरावर आहे. काच वर धरून खाकी टेपने चिकटवली, ती पाच मिनिटांनी सुटून मनगटावर आली. तेव्हा मी जे बोललो ते ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावली. त्यांची लागते.

तर आत असं की मोटरला एक ड्रम, त्यावर केबलची दोन टोकं, एक गुंडाळतं तेव्हा दुसरं सुटतं. वरची प्लास्टिकची पुली जाम झालेली, ती फिरत नाही म्हणून केबल तिच्यावर घासून घासून खराट्यासारखी पिंजलेली.

सायकलवाल्याकडून ब्रेकची वायर आणली, तीही साधारण तेवढीच जाड. पुलीच्या जागी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीचं बेअरिंगवालं चाक बसवलं, म्हणजे घराच्या खिडकीचं गाडीच्या खिडकीला. टोकाला तांब्याची नळी पक्कडीने चेपून वर डाग दिला. खरी गंमत मापात आहे, केबल अर्धा सेंटीमीटर जरी ढिली राहिली की खाचेतून उडी मारते. माझी तीनदा मारली. चौथ्यांदा बसली, ग्रीस थापलं, काचेच्या रबरात सिलिकॉन स्प्रे मारला कारण रबर सुकलं की सगळा ताण बिचाऱ्या केबलवर येतो, पॅनल ठोकलं आणि बायकोला बोलावलं.

तिने बटण वर ओढलं, काच खाली गेली.

खाली दाबलं, वर आली. एकदम स्मूथ हां, नवीन असताना पण अशी चालत नव्हती. मी ड्रमवर केबल उलटी गुंडाळलेली. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरेल हे मला माहितीये, पण त्यासाठी परत पॅनल काढायचं आणि क्लिपा तीनच आहेत.

बायकोने बटणावर लाल टिकली लावलीये. मागच्या रविवारी परत ताम्हिणीला गेलो, कणीसवाला दिसला, मी म्हणलं वर ओढ म्हणजे खाली जाईल. तिने सरळ दार उघडलं, छत्री घेतली आणि पावसात उतरून एकच कणीस घेऊन आली.