बायपासच्या पलीकडे घर घेणाऱ्यांस हितोपदेश

आपण अजूनही छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी-औरंगपुरा भागात भाड्याने राहत असाल, तर आपल्या व्यवहारज्ञानाविषयी सासुरवाडीत कुजबूज सुरू झालेली असणार. शहाण्या माणसाने बीड बायपास ओलांडून सातारा-देवळाई या उपनगरांत जावे, पैठण रस्त्याने कांचनवाडी-नक्षत्रवाडी गाठावी, आणि नोकरी कारखान्यात असेल तर वाळूजकडे रांजणगावात प्लॉट पाहावा. शहराच्या सोयी आणि खेड्याची शांतता तेथे एकत्र नांदतात, असे जाहिरातीत छापलेले असते. ते खोटे नाही. फक्त मालमत्ता कर शहराच्या दराने येतो आणि रस्ता खेड्याच्या, एवढा तपशील छापायला जागा पुरत नाही.

प्लॉट पाहायला मार्च-एप्रिलमध्येच जावे. आषाढात गेल्यास काळी माती आपल्या चपला ठेवून घेते आणि मग मन उगाच कलुषित होते. एजंट ‘शहरापासून दहा मिनिटे’ म्हणेल, तेव्हा घड्याळाकडे पाहू नये. सातारा परिसरातल्या रहिवाशांनी शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकाशी वर्षानुवर्षे जो वेळ काढला, त्यात कितीतरी सोयरिकी जुळल्या असतील. आता तेथे भुयारी मार्ग झाल्यामुळे शेजाऱ्यांची ती हक्काची भेट हुकते, याची हळहळ मात्र कोणी व्यक्त केलेली दिसत नाही.

कागदपत्रांची फार चौकशी करणे हे तर कोत्या मनाचे लक्षण होय. सातबारावर चार भाऊ आणि तीन बहिणी असल्या, त्यांतील एकानेच बॉण्डवर सही केलेली असली आणि एन.ए. (शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी) ‘प्रोसेसमध्ये’ असले, तरी विश्वास ठेवावा. राज्याने गुंठेवारीची, म्हणजे विनापरवानगी गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांवरची, बांधकामे नियमित करण्याचा कायदा 2001 साली केला आणि 2021 साली त्यात दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांनाही पदराखाली घेतले. ज्यांनी या वीस वर्षांत परवानगीची वाट पाहिली, त्यांचे घर अजून नकाशावर आहे. ज्यांनी वाट पाहिली नाही, त्यांच्या घरावर दुसरा मजला चढला. कोणाचा आदर्श ठेवायचा, हे आपण सुज्ञ असल्याने सांगत नाही.

आता पाण्याविषयी. (हा विषय एजंट सर्वांत शेवटी काढतो, म्हणून आम्हीही त्याला बराच वेळ थोपवून धरले.) जायकवाडीचे धरण शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे, आणि तेथून येणाऱ्या 1680 कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झाले. पुढे खर्चाचा आकडा पाण्याच्या कितीतरी आधी वर चढला. या योजनेची मुख्य जलवाहिनी 2500 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे तिच्यात उंच माणूसही ताठ उभा राहू शकेल अशी आहे. म्हणून पैठण रस्त्यालगत घर घेतल्यास आपल्या नळाला पाणी नसले, तरी पाहुण्यांना फिरवून आणण्याजोगे एक प्रेक्षणीय स्थळ जवळच लाभते. सतराव्या शतकात मलिक अंबराने डोंगरातले पाणी केवळ उताराच्या बळावर नहरीतून शहरात आणले होते. त्या बिचाऱ्याच्या काळी निविदा, फेरनिविदा आणि सुधारित अंदाजपत्रक या सोयी नव्हत्या, म्हणून त्याला थेट काम करावे लागले.

आपल्याला टँकर आहेच. टँकरवाल्याचा नंबर जावयाच्या नंबराच्या वर सेव्ह करावा आणि मे महिन्यात त्याच्याशी आवाज चढवून बोलू नये. आत पिण्यासाठी जार, वापरण्यासाठी बोअर आणि बोअर आटल्यावर टँकर अशी तिहेरी व्यवस्था ज्या घरात असते, त्या घरातली माणसे आंघोळीच्या बादलीतले पाणी फरशीला आणि फरशीचे पाणी कढीपत्त्याच्या झाडाला आपोआप पोचवू लागतात. बोअर किती फूट गेला, हे शेजाऱ्याला खरे सांगू नये. आपल्याला चारशे फुटांवर पाणी लागल्याचे कळताच तो पाचशेवर जाईल, आणि मग आपल्याला सहाशेचा विचार करावा लागेल.

शांततेविषयी वेगळे लिहिण्यासारखे फारसे नाही. दिवसा आजूबाजूच्या बांधकामांचे कटर आणि रात्री कुत्री असतात. दोघांची पाळी बदलताना, साधारण सातच्या सुमारास, खरोखरच शांत वाटते.

एवढे सगळे झाल्यावर कधीतरी प्लॉट विकावा असा विचार मनात येईल, पण एकट्याने विकायची घाई करू नये. दिवाळीत बीडचे किंवा लातूरचे मेहुणे सहकुटुंब येतील, तेव्हा सकाळीच टँकर मागवून टाकी काठोकाठ भरून ठेवावी, पावणेसातला त्यांना गच्चीवर न्यावे, साताऱ्याचा डोंगर दाखवावा, खंडोबाचे देऊळ पायी जाण्याच्या अंतरावर आहे असे सांगावे आणि शेजारचा रिकामा प्लॉट ‘घरातच राहिलेला बरा’ म्हणून सुचवावा. इसार पावतीचा कोरा नमुना खालच्या कपाटात, लाइटबिलांच्या फाइलखाली ठेवलेला असावा.