औषध चालू असताना उठलेलं पुरळ ‘उष्णता’ समजू नका

पालकांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतो. औषध चालू असताना मुलाच्या अंगावर पुरळ उठलं, तर आतली उष्णता बाहेर पडतेय. रिॲक्शन असती तर पहिल्याच दिवशी आली असती. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घाला आणि कोर्स पूर्ण करा.

यातलं सर्वांत घातक वाक्य ‘पहिल्याच दिवशी’चं. पित्ताच्या गांधी तासाभरात उठतात, हे खरं. पण स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (त्वचा आणि तोंड-डोळ्यांचं आतलं आवरण सोलवटणारी गंभीर रिॲक्शन) बहुधा औषध सुरू झाल्यावर एक ते चार आठवड्यांत दिसतो आणि ‘ड्रेस’ नावाची रिॲक्शन (पुरळासोबत ताप, सूज आणि यकृतासारख्या अवयवांना इजा) दोन ते आठ आठवड्यांनी. तोवर औषधाचा संशयही कुणाला येत नाही. मुलांमध्ये नेहमी आढळणारी कारणं म्हणजे फिटची औषधं (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन) आणि सल्फाची औषधं. लॅमोट्रिजिनचा डोस घाईने वाढवला किंवा सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध असेल तर धोका वाढतो. डॉक्टर तो अगदी हळूहळू वाढवतात ते यासाठीच. आपल्याकडे तापावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबाबतही औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०२३मध्ये ‘ड्रेस’चा इशारा दिला. ती बंदी नव्हती, लक्ष ठेवा असं सांगणं होतं.

उष्णता वगैरे काही बाहेर पडत नसते. शरीराच्याच संरक्षक पेशी त्वचेच्या पेशी मारू लागतात. अंगभर पुरळ उठण्याआधी एकदोन दिवस ताप, घसादुखी, डोळ्यांची आग होते, आणि घरात सगळे म्हणतात, व्हायरल आहे. कित्येकदा ते असतंही. मुलांचं बहुतेक पुरळ साधंच असतं. पण पुरळासोबत तोंडात फोड, लाल डोळे, लघवीला आग, त्वचा दुखणं किंवा सुटणं, चेहऱ्याला सूज यातलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. उशिराची किंमत अनेकदा डोळे मोजतात.

कडुलिंबाचं पाणी सुटत चाललेल्या त्वचेवर ओतून चोळू नका, एवढंच.

राहिला कोर्स. कारणीभूत औषध जितक्या लवकर थांबेल तितकं मूल वाचण्याची शक्यता जास्त. फिटचं औषध मात्र परस्पर तोडू नका, आकडी येऊ शकते. पुढच्या डोसआधी डॉक्टरांशी बोला. मूल बरं झाल्यावर त्या औषधाचं नाव फाइलवर ठळक लिहून घ्या. फेनिटॉइनने झालं असेल तर कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोननेही होऊ शकतं. आणि १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर रिॲक्शनची नोंद करा; पालकही करू शकतात.