‘सोयाबीन ढिगाने पिकतं, मग मदत कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सोयादूध, सोयावड्या अशा वनस्पतीजन्य प्रथिन-पदार्थांच्या उद्योगाला धोरणाचा हात का हवा, या माझ्या मागच्या लेखावर ‘शेतकरीपुत्र’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. ती आधी जशीच्या तशी देते:

“लेख आहे की कंपनीचं माहितीपत्रक? सोयाबीन आपल्याकडे ढिगाने पिकतं, मग या उद्योगाला सरकारी मदत हवीच कशाला? हे श्रीमंतांचे चोचले आहेत. दूधधंद्यावर गदा आणायचे उद्योग. शेवटी शेतकऱ्याच्या हाती काय?”

‘माहितीपत्रक’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. त्या लेखात एकाही कंपनीचं नाव नव्हतं, एकाही उत्पादनाची भलामण नव्हती. मुद्दा पटला नाही तर आकडा मांडावा, प्रक्रियेतली चूक दाखवावी. लिहिणारीच्या हेतूवर बोट ठेवायला पुरावा लागत नाही, आणि टोपणनावाआडून तर ते आणखीच सोपं जातं. वीस वर्षं सोयाबीनच्या प्रथिनांवर काम करते आहे, तेव्हा एवढं ऐकवायचा हक्क मला आहे असं समजते.

एक चूक मात्र कबूल. सगळ्याच वनस्पतीजन्य दुधांवर आधी १२ टक्के जीएसटी होता असं मी लिहून गेले. १२ टक्के फक्त सोयादुधाच्या पेयांवर होता. बदाम, ओट वगैरेंच्या पेयांवर १८ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही ५ टक्क्यांवर आले. ही चूक तुम्ही दाखवलेली नाही, मीच पुन्हा वाचताना सापडली.

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘ढिगाने पिकतं.’ पिकतं, खरंच. पण पिकलेलं सोयाबीन जातं कुठे, हे तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. सॉल्व्हंट प्लांटमध्ये १०० किलो सोयाबीन गेलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोंच्या आसपास पेंड. प्लांट तेलासाठी आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी बांधलेला असतो. दाणा फोडून, चकत्या करून हेक्झेन या द्रावकाने तेल काढतात. मग चकत्यांतला हेक्झेन घालवायला त्यांच्यात थेट वाफ सोडतात आणि त्याच यंत्रात त्या भाजल्याही जातात. कोंबडीसाठी हे भाजणं गरजेचंच आहे, कारण कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिन पचू देत नाही. पण या उष्णतेने प्रथिनाची विरघळण्याची ताकदही जाते. या ताकदीचं माप म्हणजे पीडीआय, पाण्यात किती टक्के प्रथिन सुटून येतं ते. भाजलेल्या पेंडीचा पीडीआय तळाला गेलेला असतो. त्या पेंडीपासून आयसोलेट, म्हणजे जवळपास शुद्ध प्रथिनाची भुकटी, काढायला बसलात तर प्रथिन चोथ्यातच अडकून राहतं. सोयावड्यांच्या एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे उष्णता-दाबाखाली साच्यातून ढकलणाऱ्या यंत्रात, ती घातली तर धागे धरत नाहीत, भुसभुशीत गोळे बाहेर पडतात.

म्हणून माणसांच्या अन्नासाठी वेगळी लाइन लागते. आधी साल नीट काढावी लागते, नाहीतर रंग आणि तंतू दोन्ही आडवे येतात. हेक्झेन झटक्यात उडवणारी वेगळी यंत्रणा लागते, म्हणजे चकत्या पांढऱ्या राहतात आणि पीडीआय ७० च्या वर टिकतो. वड्यांना त्याच्या जरा खालचा चालतो, आयसोलेटला जितका जास्त तितका चांगला. पुढे आयसोलेट करायचं तर चकत्या ८ ते ९ पीएचच्या पाण्यात ढवळायच्या, चोथा सेंट्रिफ्यूजने वेगळा करायचा, द्रावण आम्लाने ४.५ पीएचवर आणलं की प्रथिन खाली बसतं. ते धुवायचं, पीएच ७ च्या आसपास आणायचा आणि स्प्रे ड्रायरमधून भुकटी काढायची. १०० किलो चकत्यांतून ३० ते ३५ किलो हाती येतं, सुक्या वजनावर ९० टक्के प्रथिनाचं. बाकीच्यात चोथा आहे आणि साखर विरघळलेलं आम्ल पाणी आहे, आणि खरी गोम त्या पाण्यात आहे. त्याचा बीओडी, म्हणजे कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाण्याचं प्रमाण, इतका असतो की सांडपाणी प्रक्रियेचा खर्च आधीच धरला नाही तर प्रकल्प पहिल्याच उन्हाळ्यात अडकतो. ड्रायरला इंधन लागतं ते वेगळंच. ‘मदत कशाला’ असं विचारताना हा खर्च डोळ्यांसमोर होता का?

आणि मुळात दाणा तरी सारखा कुठे असतो? काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळवंडतो, डागी होतो. बाजारात ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्राने सरकारी खरेदीत ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण तोच ओला माल तसाच थप्पीला लागला तर उन्हाळ्यापर्यंत त्यातलं प्रथिन सुटेनासं होतं. अशा दाण्याचं टोफू, म्हणजे सोयादुधाचं पनीर, मऊ पडतं आणि उताराही घटतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने ट्रिप्सिन इनहिबिटरचा मुख्य प्रकार नसलेला एनआरसी १२७ हा वाण दिला. एनआरसी १४२ मध्ये त्याच्या जोडीला उग्र वास आणणारं लायपॉक्सिजनेज २ सुद्धा नाही. अन्नासाठी हे वाण सोन्यासारखे. पण आडतीवर सगळं एकाच ढिगात पडतं! तुमचा तो ढीगच अडचण आहे.

मदत कुठे पोचते तेही बघा. २०२१ मध्ये अन्नप्रक्रियेसाठी १०,९०० कोटींची पीएलआय, म्हणजे वाढीव विक्रीवर प्रोत्साहन रक्कम देणारी, योजना आली. तिच्या मुख्य गटांत मोझरेला चीज स्वतंत्रपणे आहे, वनस्पतीजन्य प्रथिन नाही. पीएमएफएमई ही सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना २०२० मध्ये आली: एकेका उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. बचतगटाच्या सोयादूध-टोफू युनिटला हे पुरतं, आणि अशा युनिट्सना माझा पाठिंबा आहे. ती बंद पडतात ती बहुधा दोन कारणांनी. दाणा थंड पाण्यात वाटला की वास बसतो आणि मग तो जात नाही. ८० अंशांच्या वरच्या पाण्यातच वाटायला हवा, मग दूध दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. दुसरं म्हणजे एक किलो सोयाबीनमागे किलोपेक्षा जास्त ओला चोथा पडतो आणि उन्हाळ्यात तो काही तासांत आंबतो. तो वाळवायची किंवा लगेच उचलायची सोय नसेल तर शेजारी तक्रार करतात आणि युनिटला कुलूप लागतं. पण १० लाखांच्या अनुदानात आयसोलेटची लाइन उभी राहत नाही. ऑगस्ट २०२४ च्या बायोई३ या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान धोरणात ‘स्मार्ट प्रोटीन’, म्हणजे प्राण्यांऐवजी वनस्पती, सूक्ष्मजीव वगैरेंपासून केलेलं प्रथिन, आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. तरी त्याचा रोख जैवतंत्रज्ञानावर आहे. चालू सॉल्व्हंट प्लांटला जोडून पांढऱ्या चकत्यांची लाइन, सामाईक सांडपाणी प्रकल्प आणि वाणनिहाय वेगळी खरेदी, मी मागते आहे ते एवढंच. यात चैनीचं काय आहे ते दाखवा.

चोचल्यांबद्दल: सोयावड्या कोण खातं ते कुठल्याही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात विचारा. दूधधंद्याबद्दल: एफएसएसएआय या पेयांच्या लेबलवर ‘दूध’ हा शब्द लिहू देत नाही, २०२२ पासून व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आहे. जीएसटीच्या यादीत मात्र याच पेयांना ‘मिल्क’ म्हटलंय. हा गोंधळ दोन खात्यांनी एकत्र बसून मिटवायला हवा, पण त्याने कुणाची म्हैस दावणीवरून सुटलेली नाही.

शेतकऱ्याच्या हाती काय, हे तुमचं वाक्य प्रश्नासारखं वाटत नाही, टोमण्यासारखं वाटतं. तरी सांगते. सोयाबीनचा भाव बऱ्याच अंशी पेंडीच्या भावावर चालतो. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा डीडीजीएस, म्हणजे वाळवलेला चोथा, कोंबडीखाद्यात स्वस्तात शिरला आणि पेंडीची मागणी दबली. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला तरी हंगामात आडतीवर तो मिळत नव्हता, ही तक्रार तुम्हीही केली असेल. कोंबडीखाद्यात डीडीजीएस पेंडीची जागा घेतो, आयसोलेटच्या चकत्यांची जागा त्याला घेता येत नाही. सोयाबीनला दुसरं गिऱ्हाईक हवं असेल तर ते इथेच आहे.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी नाव नसलं तरी चालेल, पण प्लांटचा पीडीआय किंवा पेंडीचा भाव असं काहीतरी हाती घेऊन या. मूळ लेखातला कराचा आकडा दुरुस्त केला आहे.