१५ लाखांत घर सगळ्या पोलिसांना नाही

‘नवीन कायदा आला, मुंबईतल्या प्रत्येक पोलीस क्वार्टरचं घर आता १५ लाखांत नावावर होणार’ हा मेसेज परवा मीही आपल्या ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. माफ करा.

१५ लाखांचा आकडा खरा आहे, पण तो बीडीडी चाळींपुरता. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या पोलीस कुटुंबं १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिली. पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांचं घर द्यायचं ठरलं. किंमत आधी ५० लाख, मग २५ आणि २०२२ मध्ये १५ लाखांवर आली. तेव्हाच्या बातम्या मी पुन्हा नीट वाचल्या. तो सरकारचा निर्णय आहे, कायदा नव्हे. बाकीची क्वार्टर्स सेवानिवासस्थानंच आहेत, निवृत्तीनंतर ती सोडावीच लागतात.

काल शेजारच्या काकू एफडीची पावती घेऊन आल्या, ‘मोडू का गं?’ म्हणाल्या. काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत. माझ्या पोटात गोळाच आला.

कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे पाठवलात, तिथे हा खुलासा टाका.