'इन्शुरन्स म्हणजे निव्वळ लूट' या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार, भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्सवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली, चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की परदेशात गाडी भाड्याने घेताना काउंटरवर जो इन्शुरन्स गळ्यात मारतात तो निव्वळ लूट आहे, बुकिंगच्या भाड्यात सगळं आलेलंच असतं, वर क्रेडिट कार्डाचं कव्हर असतंच, आणि मी लोकांना उगाच घाबरवून कंपन्यांचा धंदा वाढवतोय. शेवटी विचारलंय, 'तुम्ही स्वतः काय घेता ते सांगा.' सांगतो. लुटीबद्दलही बोलू, त्यात बरंच तथ्य आहे. पण 'भाड्यात सगळं आलेलंच असतं' हे मला तसंच सोडून देता येत नाही, कारण ते वाचून उद्या कुणी अमेरिकेत काही न बघता चावी घेऊन निघाला तर त्याचं काय होईल याची मला खरंच काळजी वाटते.

मुळात दोन गोष्टींची गल्लत होतेय. आपण घेतलेल्या गाडीचं नुकसान ही एक, आणि आपल्या हातून दुसऱ्याचं जे नुकसान होईल, म्हणजे समोरची गाडी, रस्त्यावरचा माणूस, त्याचं हॉस्पिटल, ही दुसरी. पहिल्याला साधारण मर्यादा असते, फार तर गाडीची किंमत आणि वरचा थोडा खर्च. दुसऱ्याला मर्यादाच नाही. आणि काउंटरवर सगळी घासाघीस, सगळा राग, सगळे रिव्ह्यू हे पहिल्यावरून, दुसऱ्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही.

आता युरोपियन युनियनमध्ये तुमचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे. तिथे थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, कायद्यानेच सक्तीचा आहे, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, त्यामुळे तो भाड्यात असतोच. आणि रक्कमही भक्कम, २०२१ च्या सुधारित नियमांनुसार माणसांच्या इजेसाठी किमान कव्हर एका अपघातामागे ६४.५ लाख युरो किंवा एका जखमी व्यक्तीमागे १३ लाख युरो, आणि मालमत्तेसाठी अपघातामागे १३ लाख युरो. शिवाय गाडीच्या नुकसानीचं बेसिक कव्हर, ज्याला सगळे सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) म्हणतात, तेही बहुतेक बुकिंगमध्ये असतं, फक्त त्याला एक्सेस असतो. समजा एक्सेस १,५०० युरो असेल तर तेवढ्यापर्यंतचं नुकसान तुमचं, त्याच्या वरचं कंपनी सोसते. काउंटरवरचा माणूस विकत असतो ते हा एक्सेस शून्यावर आणणारं पॅकेज, आणि त्याचा दिवसाचा दर कधीकधी गाडीच्या भाड्याच्या जवळपास जातो. ह्याला तुम्ही लूट म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पाच मोठ्या रेंटल कंपन्यांना युरोपियन कमिशनने किमती आणि इन्शुरन्सची माहिती नीट द्यायला लावली होती, २०१७ मध्ये ते जाहीर झालं, म्हणजे तक्रार काही तुमच्या एकट्याची नाही.

पण अमेरिकेत आलात की चित्र उलटं होतं. तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आणि थर्ड पार्टी कव्हरच्या किमान रकमा अगदी तुटपुंज्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून त्या वाढवल्या, वाढवून किती, तर एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर. त्याआधी मालमत्तेचे ५,००० होते! तिथल्या हॉस्पिटलची बिलं ऐकून माहीत असतील, एखाद्या ऑपरेशनमध्ये ३०,००० कुठे उडून जातील कळणारही नाही, आणि उरलेल्याचा दावा तुमच्यावर. गाडी कंपनीच्या मालकीची आहे म्हणून कंपनी भरेल असं कुणाला वाटत असेल तर २००५ च्या ग्रेव्ह्ज अमेंडमेंट नावाच्या केंद्रीय कायद्याने तेही दार बंद केलंय, कंपनीची स्वतःची चूक नसेल तर निव्वळ मालक म्हणून तिला जबाबदार धरता येत नाही. तिथल्या रहिवाशांची स्वतःच्या गाडीची पॉलिसी बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीलाही लागू होते, बाहेरून आलेल्याकडे तसं काहीच नसतं. म्हणून अमेरिकेत जादा लायबिलिटी कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं जास्तीचं कव्हर, घ्याच असं मी लेखात लिहिलं होतं आणि पुन्हा लिहितो, घ्याच. फक्त आधी बुकिंगचं व्हाउचर वाचा, कारण परदेशी रहिवाशांसाठीच्या बऱ्याच बुकिंगमध्ये ते आधीच धरलेलं असतं, आणि मग काउंटरवर तेच पुन्हा विकत घेण्यात काही अर्थ नाही.

क्रेडिट कार्डाचं म्हणाल तर ते कव्हर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं असतं, थर्ड पार्टीचं नसतं. हे एवढं लक्षात घेतलंत तरी मला पुरे आहे. बाकी अटी भरपूर, पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरलेलं हवं, कंपनीचं सीडीडब्ल्यू नाकारलेलं हवं, आणि काही देश वगळलेले असतात. आयर्लंडमध्ये तर सीडीडब्ल्यू नाकारायचं असेल तर बऱ्याच कंपन्या कार्ड देणाऱ्या बँकेचं पत्र मागतात, त्यात आयर्लंडचं नाव लागतं, पत्र नसेल तर मुकाट्याने त्यांचं कव्हर घ्या.

आणि एक गोष्ट जी लेखात मी सगळ्यात जास्त लांबवली म्हणून तुम्ही वैतागलात, ती इथेही सांगणारच. सीडीडब्ल्यू हा खरं तर इन्शुरन्स नाहीच, तो कंपनीने तुम्हाला दिलेला शब्द आहे की करार पाळलात तर नुकसान मागणार नाही. करार मोडला की शब्द संपला. करारात नाव नसलेल्या बायकोने किंवा मित्राने 'जरा दहा मिनिटं मी चालवतो' म्हणून चालवली आणि ठोकली, तर पूर्ण रक्कम तुमच्या बोकांडी. बंदी असलेल्या कच्च्या रस्त्यावर घातली, तेच. शिवाय करार अगदी पाळला तरी टायर, काचा, छत, गाडीचा खालचा भाग, चुकीचं इंधन, हरवलेली चावी हे बेसिक कव्हरमध्ये बहुधा नसतंच, आणि मजा म्हणजे प्रवासात होतं ते नेमकं हेच, फूटपाथच्या कडेला रिम घासते, ट्रकमागून खडा उडून काचेला तडा जातो. आइसलँडमध्ये वाऱ्याने हातातून दार सुटून बिजागरीपासून उलटं वाकतं, ते सहसा कव्हर होत नाही, आणि वाळू-राखेने रंग खरवडून निघतो त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. तिकडे गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं.

'मला आजवर काही झालं नाही' असं कुणी म्हणालं तर त्यावर काय बोलणार, तसंच होवो. पण तो इन्शुरन्स नको असण्याचा पुरावा होत नाही.

आता मी स्वतः काय घेतो. युरोपात काउंटरवर काहीच घेत नाही. बाहेरून स्वतंत्र एक्सेस पॉलिसी, म्हणजे तो एक्सेस भरून देणारी, घेतो, काउंटरपेक्षा खूपच स्वस्त पडते, टायर-काचा धरून. पण ती रिफंडवाली असते, म्हणजे नुकसानीचे पैसे कंपनी आधी माझ्याच कार्डातून कापणार, मग मी बिल, डॅमेज रिपोर्ट, करार सगळं पाठवून क्लेम करणार. त्यामुळे गाडी घेताना डिपॉझिट ब्लॉक व्हायचं ते होतंच आणि कार्डाला तेवढी लिमिट मोकळी ठेवावी लागते, नाहीतर गाडीच देत नाहीत किंवा त्यांचं पॅकेज घ्यायला लावतात. हे ज्याला नको, ज्याच्याकडे लिमिट नाही, किंवा सुट्टीत कागदपत्रांची कटकटच नको, त्याने काउंटरचं महागडं पॅकेज घेतलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. अमेरिकेत लायबिलिटी आधी, गाडीचं कव्हर नंतर. आणि कुठेही गेलो तरी चावी हातात आल्यावर डॅमेज शीट घेऊन गाडीभोवती फिरतो. त्यावर गाडीची आकृती असते, आधीच्या ओरखड्यांवर फुल्या मारलेल्या, जे दिसतंय पण फुली नाही ते त्यांच्याच माणसाकडून लिहून घेतो, पावसात, रात्री, मागे रांग असली तरी. चारी रिम आणि पुढच्या बंपरची खालची कड वाकून बघतो, व्हिडिओ काढतो, आणि परत देताना पुन्हा तसाच व्हिडिओ, फ्युएल आणि किलोमीटरच्या काट्यासकट.