जिभेखालच्या गोळीने गुठळी विरघळत नाही

'छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा. ब्लॉकेज उघडतं, झटका टळतो. आराम पडला की धोका संपला. म्हणून प्रत्येकानं खिशात बाळगा.' हा मेसेज पुन्हा फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण सल्ला जिवावर बेतू शकतो.

ब्लॉकेज उघडतं हे चूक. झटक्यात बहुतेक वेळा रक्ताची गुठळी हृदयाची रक्तवाहिनी बंद करते. ही गोळी नायट्रेट गटातली. ती गुठळीला हात लावत नाही. तिच्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैलावतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात हे खरं, पण त्याहून मोठा परिणाम शरीरभरच्या नीलांवर होतो. रक्त तिथे साठतं, हृदयाकडे कमी परततं, हृदयाची प्राणवायूची गरज घटते आणि कळ ओसरते. जिना चढताना छाती आवळून येणाऱ्या अंजायनाच्या रुग्णाला ती खरोखर मोठा आधार आहे.

झटका टळण्याचं म्हणाल, तर 1995 साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-4 चाचणीत झटक्याचा संशय असलेले 58 हजारांहून जास्त रुग्ण होते. महिनाभर नायट्रेटच्या गोळ्या देऊनही मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती 'प्रत्येकानं' या शब्दाची. माझ्या वडिलांना डॉक्टरांनीच ही गोळी दिली होती, बसून घ्यायला बजावलं होतं. एकदा त्यांनी उभ्यानेच घेतली. दोनेक मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली; टेबलाची कड हाताला लागली म्हणून पडले नाहीत. रक्तदाब आधीच कमी असेल किंवा झटका हृदयाच्या उजव्या कप्प्याला असेल, तर या गोळीने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. गेल्या 24 तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा 48 तासांत त्याच प्रकारचं टाडालाफिल घेतलं असेल, तर ही गोळी घ्यायचीच नाही.

आणि आराम पडला तरी निष्कर्ष काढू नका. अन्ननलिका आवळल्याने होणारं दुखणंही या गोळीने थांबतं, आणि खऱ्या झटक्यातली कळही थोडा वेळ दबू शकते. तेवढ्यावर माणूस घरी थांबतो, तिकडे हृदयाचा स्नायू मरत राहतो.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिलेली असेल तर बसून एक ठेवा. पाच मिनिटांत कळ गेली नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. लिहून दिलेली नसेल तर गोळी शोधण्यात वेळ घालवू नका, आधी ॲम्ब्युलन्सला फोन करा.